शिलाई विभागाचा लाल खांब

...आणि वर मलाच म्हणतात, "तू ना, फार मनाला लावून घेतेस." मनाला नाही लावायचं तर कशाला लावायचं, पाठीला? पाठीला लावायच्या वस्तू आम्ही बनवतोच. दप्तरं, सॅक, प्रवासाच्या बॅगा, सगळं. कंपनी काकांची. सख्खे काका, बाबांचे धाकटे भाऊ. आणि हे मनाला लावून घेण्याबद्दल जे म्हणाले ना, तेही तेच. म्हणजे बघा, एकाने करायचं, दुसऱ्याने भोगायचं आणि तिसऱ्याने येऊन म्हणायचं की दुसरा फार हळवा आहे... आमच्याकडे पहिला आणि तिसरा एकच माणूस आहे, एवढाच फरक.

थांबा, नीट सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, तरुण मुलगी, डोकं गरम, काकांशी पटत नसेल. अहो, पटत होतं, तोच तर घोटाळा झाला. पटत नसतं तर मी त्यांचा शब्द खरा मानलाच नसता.

मी शिकले संख्याशास्त्र. ते काय असतं हे घरात कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "ती मोजायला शिकतेय." पाहुणे म्हणायचे, "अजून?" अशा घरात एक दिवस काका आले, ऐसपैस बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "आपल्या कंपनीत डेटाची संस्कृती आणायचीय." अशा थाटात म्हणाले, जशी काही ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि येताना कुणीतरी पिशवीतून घेऊन यायचीय. कुठल्याशा परिषदेला गेले होते, तिथे सुटातल्या एका माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं की यापुढे अंदाजाने धंदा करणारे बुडणार, आणि आमच्या काकांचा तर धंदाच अंदाजावर उभा. किती बॅगा करायच्या? अंदाज. कुठला रंग खपेल? "मला आतून वाटतंय, यंदा राखाडी." यांना आतून राखाडी वाटायचं आणि मग पुढे कितीतरी दिवस गोदामात आम्हाला बाहेरून राखाडी दिसत राहायचं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. माल परत यायला लागला होता. पुढच्या फाटकातून नव्याकोऱ्या बॅगा बाहेर पडायच्या आणि काही दिवसांनी मागच्या फाटकातून त्याच घरी यायच्या, शाळा सुटल्यासारख्या. कुणाचा पट्टा उसवलेला, कुणाची चेन अडकलेली, कुणाचं अस्तर लोंबतंय. आणि कुठे बिघडली, कुणाच्या हातून बिघडली, ते कुणालाच ठाऊक नाही, कारण आमच्याकडे एक जुनी रीत आहे. बिघडलेली बॅग दिसली की ती खोक्यात तळाला घालायची. वर चांगल्या, खाली ही. त्याला शब्दच पडलाय, "तळाला घाल." एकदा तळाला घातली की ती आपली राहत नाही, दुकानदाराची होते. आता हे करणारी माणसं काही वाईट नाहीत हं. बिघडलेली बॅग हातात धरून जो पुढे येतो, ओरडा त्यालाच बसतो. मग कोण शहाणा पुढे येईल? तुम्ही याल? मी तर नाही येणार.

हेच मी काकांना सांगितलं. म्हटलं, काका, डेटा म्हणजे भिंतीवरच्या पडद्यावर नाचणारी चित्रं नव्हेत, माणसांनी खरं सांगायला हवं, आणि ज्याने खरं सांगितलं त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये, कारण एकालाही लागला ना, तर दुसऱ्या दिवसापासून हे लोक आकडेसुद्धा तळाला घालतील. काकांनी कप खाली ठेवला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू बिनधास्त कर. मी आहे ना."

मी आहे ना... तुम्हाला सांगते, मोठ्या माणसांच्या तोंडून हे तीन शब्द आले की आपण सुखावतो, पण ते तेव्हा आहेत एवढंच सांगत असतात. पुढचं कुणी काय बोललंय का?

मग पहिली सभा. आता सभेला कोण, तर तीन विभागांचे तीन प्रमुख. कापड कापणारे एक गृहस्थ, त्यांना सगळे फूटपट्टी म्हणतात, का, तर त्यांनी जन्मात कधी फूटपट्टी हातात धरलेली नाही. "आपली नजरच फूटपट्टी," म्हणतात, आणि एक डोळा मिटून कापतात. त्यामुळे आमच्या काही बॅगांना एक खांदा जरा वर असतो. दुसरे पॅकिंगचे, त्यांचं नाव हो-हो साहेब. काका काहीही म्हणोत, यांचं आपलं "हो हो." एकदा काका म्हणाले, "यात माझी चूक झाली." हे म्हणाले, "हो हो." मग एकदम भानावर येऊन, "नाही नाही." मग काकांनी पाहिलं तसं पुन्हा, "हो हो, म्हणजे नाहीच."

आणि तिसरी, शिलाई विभागाची प्रमुख... माझी आई.

हो, आईच. ती या घरात आली तेव्हा कंपनी म्हणजे एक खोली आणि दोन शिलाई मशीनं होती, त्यातल्या एका मशीनवर ती बसली ती त्या सभेपर्यंत उठलेली नव्हती, फक्त तिच्या आजूबाजूला कंपनी वाढत गेली. काका तिला वहिनी म्हणतात, म्हणून अख्खी कंपनीच वहिनी म्हणते. पहारेकरी वहिनी म्हणतो, गाडीचा ड्रायव्हर वहिनी म्हणतो. माझीच पंचाईत. घरात आई म्हणते, तिथे काय म्हणावं समजेना, म्हणून सभेत मी तिला "शिलाई विभाग" म्हणायला लागले. "शिलाई विभागाला काही विचारायचंय का?" तर शिलाई विभाग म्हणाला, "तू सकाळी न खाता आलीस."

असो. मी समजावलं. प्रत्येक विभागाला एक फोन मिळणार, बॅग बिघडलेली दिसली की त्यात कारणावर बोट ठेवायचं, टाका सुटला, दोरा तुटला, चेन अडकली, कापड वाकडं, आणि यातलं काहीच नसेल तर इतर. जेवणाच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येक विभागाचा एक खांब, जेवढ्या चुका तेवढी उंची. फूटपट्टी म्हणाले, "आणि चूक झालीच नाही तर?" म्हटलं, तर काही दाबू नका. "मग मला फोन कशाला?" हो-हो साहेबांनी हात वर केला. "संस्कृती म्हणताय, तर शेवटी गाणं-बिणं असणार का?"

तुम्ही हसताय. मी तिथे उभी होते.

आणि त्या खांबांना रंग. चुका कमी तर हिरवा, जास्त तर लाल. हा रंगांचा हट्ट काकांचा. मी परोपरीने सांगितलं, काका, लाल नको, लाल दिसलं की माणसाला वाटतं आपण काहीतरी गुन्हा केला, आपल्याला तर उलट हवंय, जो जास्त सांगेल तो जास्त प्रामाणिक. "अगं, दिसायला काहीतरी हवं ना. पाहुणे येतात." म्हटलं, पण लाल खांबवाल्यांनी घाबरायचं का? "कशाला घाबरायचं? मी आहे ना."

झालं सुरू. पहिले काही दिवस पडद्यावर सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ. एक खांब उगवेल तर शपथ. आणि मागच्या फाटकातून बॅगा येतच आहेत. म्हणजे बॅगा कंपनीत बिघडत नव्हत्या, वाटेत त्यांचा विचार बदलत होता. मी फूटपट्टींकडे गेले, ते म्हणाले, "माझ्याकडे कापड सरळच असतं, शिवताना वाकडं होतं." हो-हो साहेबांकडे गेले, ते म्हणाले, "आम्ही काय, नुसतं खोकं बंद करतो." मी काकांकडून दटावणी करवली, तर दोघांनाही 'इतर' सापडलं. दिवसभरात एखादं काहीतरी 'इतर' दाबायचं आणि फोन खिशात. महिनाअखेर मला कुणी विचारलं असतं की बाई, तुमच्या कंपनीत मुख्य बिघाड कसला, तर मी शास्त्रशुद्ध पद्धतीने सांगितलं असतं, इतर.

मग मी तो उद्योग केला जो करायला नको होता. शिलाईच्या खोलीत गेले. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना मशीनं, मधून जायला एक माणूस आडवा होईल एवढी वाट, आणि एकदम सगळी मशीनं थांबली की कानात जो सुन्न आवाज भरतो, तो भरलेला. सगळ्या जणी माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, खरं दाबा. जे बिघडेल ते दाबा. कुणाला काही होणार नाही. मी शब्द देते. आणि मग, तुम्हाला सांगते, कुठून जीभ वळली माहीत नाही, मी म्हटलं, "मी आहे ना."

त्यांच्यात एक आहे, बारीक आवाजाची, सगळ्या तिला चिमणी म्हणतात. ती म्हणाली, "ताई, तुम्ही आहात, पण तुम्ही कोण आहात?" उद्धटपणे नाही हं, खरंच विचारलं तिने. मी म्हटलं, मी डेटा. ती म्हणाली, "बरं."

संध्याकाळी घरी आईने विचारलं, "कुणाच्या भरवशावर बोललीस?"

"काकांच्या."

आई माझ्या कुर्त्याचं बटण लावत होती. दातांनी दोरा तोडला, कुर्ता घडी करून ठेवला, आणि मग म्हणाली, "कंपनीत माणसं शब्द देतात ते लग्नातल्या जेवणासारखं असतं. आग्रह खूप, वाढायला कुणी नाही." मी चिडले. तुम्ही लोकांनीच हे असं करून ठेवलंय, तुमचा कुणावर विश्वासच नाही, सगळं आयुष्य तळाला घालण्यात गेलं, असं बरंच काही बोलले, कॉलेजात वादविवादाला असायचे ना, तो सगळा जोर आईवर काढला. बाबा तिथेच पेपर वाचत होते. मी म्हटलं, बाबा, तुम्ही सांगा ना. बाबांनी पान उलटलं. "मला मध्ये घेऊ नका. एक माझी बायको, एक माझा भाऊ, एक माझी मुलगी. मी क्रीडा पान वाचतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाईच्या खोलीत पहिलं बोट आईनेच ठेवलं. सगळ्या बघत असताना. म्हणाली, "हिने शब्द दिलाय ना, आता तो आपल्याला पाळायला हवा."

समजलं का तुम्हाला? शब्द दिला मी, कुणाच्या तरी जिवावर, आणि पाळायला घेतला आईने.

मग काय विचारता. ज्यांनी इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं ना, त्यांना एकदा सांगायची मुभा मिळाली, बोटं थांबेचनात. दोरा तुटला. दोरा तुटला. टाका सुटला. दोरा तुटला. शिलाईचा खांब चढला, चढला, जेवणाच्या खोलीत त्याच्या उजेडाने लोकांचे डबे लाल दिसायला लागले. फूटपट्टी आणि हो-हो साहेबांचे खांब हिरवे, इवलेसे, नुकते उगवलेल्या कोथिंबिरीसारखे. पण मी खूश. मला रात्रंदिवस त्या लाल खांबाचंच कौतुक. कारण त्यातून पहिल्यांदा काहीतरी दिसत होतं, आणि ते इतकं स्वच्छ होतं की त्यासाठी संख्याशास्त्र शिकायचीसुद्धा गरज नव्हती. ज्या दिवशी जुन्या दोऱ्याचं उरलेलं रीळ लागायचं, त्या दिवशी रेष सपाट. नवा दोरा लागला की रेष डोंगर चढायची. शिलाईत दोष नव्हताच, दोष दोऱ्यात होता. कमी भावाचा दोरा. आणि तो आणला कुणी?

बरोबर. काकांनी.

मी कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले, अगदी नाचत गेले म्हणा ना, वाटलं आता काका म्हणतील, शाब्बास, सापडलं. काकांनी चष्मा लावला. "हा डोंगर कसला?"

"नवा दोरा, काका."

"हा माझ्या मित्राचा दोरा आहे."

"पण तो तुटतोय."

"एका माणसाबरोबर मी इतकी वर्षं रोज सकाळी फिरायला जातो, त्याचा दोरा तुटेल?"

आता यावर तुम्ही काय बोलाल? मी म्हटलं, काका, ते फिरायला चांगले असतील, दोरा वेगळा. ते म्हणाले, "हे बघ, तू मोजायला लागायच्या आधी काही तुटत नव्हतं. तू मोजायला लागलीस आणि तुटायला लागलं. मग कारण काय निघालं, दोरा की मोजणं?" मी तिथे उभ्या उभ्या तीन वर्षांची पदवी परत करायच्या बेतात होते. पण मग त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "ठीक आहे. मी यात लक्ष घालतो. तू काळजी करू नकोस, मी आहे ना."

आणि मी, मूर्ख, आनंदाने बाहेर आले.

महिन्याची सभा. जेवणाच्या खोलीत सगळी कंपनी उभी, पडद्यावर खांब, काकांनी नवा शर्ट घातलेला. म्हणाले, "आजपासून आपल्याकडे माणूस बघितला जाणार नाही, आकडा बघितला जाणार. ओळख नाही, नातं नाही, वशिला नाही." टाळ्या. मीही वाजवल्या, माझ्या हातांना काय माहीत. "सर्वोत्तम विभाग. या महिन्यात चुका शून्य. पॅकिंग." हो-हो साहेब पुढे आले, म्हणाले, "हो हो," आणि चषक घेतला. शून्य का, तर या महिन्यात त्यांनी 'इतर' दाबायचेही कष्ट घेतले नव्हते. ज्या विभागात बिघडलेली बॅग तळाला जाते, तो विभाग सर्वोत्तम. मी मनात म्हटलं, जाऊ दे, आता दोऱ्याचं सांगतील.

काका आईकडे वळले. आवाज एकदम मऊ. "वहिनी, राग मानू नका हं. हे मी नाही म्हणत, आकडे म्हणतात." आणि मग माझ्याकडे बोट. "हिचेच आकडे आहेत."

तुम्हाला सांगते, त्या लांबलचक शिलाईच्या खोलीतल्या एकूण एक बायकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फक्त आईने पाहिलं नाही. ती पडद्याकडे बघत होती, लाल खांबाकडे, जसं काही दुसऱ्याच कुणाचं काही चाललंय.

"इतकी वर्षं तुम्ही कंपनीसाठी झिजलात. आता जरा आराम. आजपासून वहिनी आपल्या सल्लागार. शिलाई विभागही हो-हो साहेबच बघतील, त्यांनी शून्याची कला सिद्ध केलीय." मी पुढे झाले. म्हटलं, काका, तो दोरा... "बस, बस. भावनेत वाहून जाऊ नकोस. एकदा डेटा म्हटला की नाती बाजूला ठेवायची असतात." हे कोण म्हणतंय? ज्याने फिरायला बरोबर येतो म्हणून माणसाकडून दोरा घेतला, तो. आणि कुणाला म्हणतंय? मला. अख्ख्या खोलीला वाटलं, मी आईसाठी रडतेय. मी दोऱ्यासाठी भांडत होते हो... नाही, आईसाठीही. दोन्ही एकच झालं होतं तोवर, कुठला कुठला ते मलाही सांगता येणार नाही.

सल्लागार म्हणजे काय, माहीत आहे? ज्याचा सल्ला घ्यायचा नाही त्याला बसायला दिलेली खुर्ची. चांगली गादीची, चाकं असलेली खुर्ची आहे, काकांच्या केबिनबाहेर, झाडाच्या कुंडीशेजारी. आई तिथे बसते. समोर मशीन नाही, त्यामुळे हातांचं काय करायचं ते तिला कळत नाही. येणारे-जाणारे तिला पहारेकरी समजून विचारतात, साहेब आहेत का.

मी केबिनमध्ये शिरले, दार न ठोकता. म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. खरं सांगणाऱ्याला काही होणार नाही म्हणाला होता. काका शांत. मोठी माणसं चुकली ना, की फार शांत होतात. "मग काय झालं वहिनींना? कामावरून काढलं? नाही. पगार कापला? नाही. बढती दिली. आता बढतीलाही तू शिक्षा म्हणणार असशील तर..." म्हटलं, आणि दोरा? "तो आता जास्त घेतोय. जास्त घेतला की स्वस्त पडतो." मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तू ना, फार मनाला लावून घेतेस." आणि मग, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, उठून माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले. मी डोकं बाजूला घेतलं. हात फाइलवर पडला. "घरचंच आहे सगळं. मी आहे ना."

आहात हो, आहात. तुम्ही आहातच, तीच तर अडचण आहे.

शिलाईच्या खोलीत जायला मला दोन दिवस धीर झाला नाही. गेले तेव्हा कुणी काही टोमणा मारेल असं वाटलं होतं, मारला असता तर बरं झालं असतं. मशीनं चालू. मी चिमणीपाशी थांबले. तिने टाका पुरा केला, मान वर न करता म्हणाली, "ताई, आता यात किती भरायचं तेवढं सांगा. खरं नको. किती हवंय ते सांगा, भरून टाकते." मी म्हटलं, असं नाही गं. ती म्हणाली, "मग हो-हो साहेबांना विचारते." बाजूच्या खोक्यात एक बॅग उसवलेली पडली होती. तिने ती माझ्यासमोर उचलली, तळाला घातली, वरून चांगली ठेवली. माझ्यापासून लपवलं नाही. म्हणजे मी आता त्यांच्यातली नव्हतेच, पण लपवावं एवढी मोठीही उरले नव्हते.

पुढच्या महिन्यात पडदा हिरवागार. सगळे विभाग शून्य. कटिंग शून्य, शिलाई शून्य, पॅकिंगचं तर काय, शून्याच्याही खाली जाता आलं असतं तर गेले असते. काका पडद्यासमोर उभे राहून डोळे भरून बघतात. म्हणतात, "याला म्हणतात संस्कृती." आणि आता ही संस्कृती बघायला लोक येतात. परवा दुसऱ्या एका कंपनीतले चौघे आले, वह्या घेऊन. त्यातला एक बिचारा तळमळीने विचारतो, "हे शून्य तुम्ही आणलं कसं?" काकांनी मला पुढे केलं. "सगळं हिचं. सांग गं, सांग, मी आहे ना." मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या फाटकातून ट्रक आला, आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून अख्ख्या आवारात ऐकू जाईल असं विचारलं, "वहिनी, परत आलेला माल आज कुठे उतरवू? कालची जागा भरली." त्याला बिचाऱ्याला सल्लागार-बिल्लागार कुणी सांगितलेलं नाही. पाहुण्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "तो संशोधनासाठी येतो." हो-हो साहेब म्हणाले, "हो हो." आणि पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.

तुम्ही म्हणाल, मग सोडत का नाहीस. अर्ज खरडलाय. दोन ठिकाणी बोलावणंही आलंय, दोन्हीकडे विचारलं, याआधी काय केलंत, मी म्हटलं डेटाची संस्कृती उभी केली, ते म्हणाले वा. काकांनी शिफारसपत्रही दिलंय, फार सुंदर लिहिलंय, त्यात शून्याचा उल्लेख तीनदा आहे. पण ते सगळं जाऊ दे. नोकरीचं मला काही नाही, काकांचंही आता फारसं नाही. माझं एकच अडलंय.

आई घरी येते. हात-पाय धुते, कणीक मळते, माझं ताट वाढते. बोलते सगळं, दूधवाला आला का, खिडकी लाव, वारा येतोय. पण कंपनीतलं अक्षर नाही. पूर्वी घरी आली की तासभर तेच, कोण काय म्हणालं, कुठलं मशीन कुरकुरतंय, मला कंटाळा यायचा, मी म्हणायचे, आई, पुरे गं. आता पुरे म्हणायला काही उरलेलंच नाही. शेवटी काल मी तिच्यासमोर जाऊन बसले. भाजी निवडत होती. म्हटलं, आई, माझ्यावर रागावलीयस का? किती रागावलीयस ते तरी सांग. खरं सांग, तुला काही होणार नाही.

आईने देठ बाजूला टाकले, पानं टोपलीत टाकली, माझ्याकडे बघितलं. चांगलं हसून बघितलं.

म्हणाली, "शून्य."

मी मान डोलावली. काय करणार? आमच्याकडे तोच आकडा चालतो.